पाण्याआडचा आवाज

हॅलोविन त्या घरात आला तो टीव्हीच्या वाटेने, आणि टिकला तो आजोबांच्या जिवावर. कुणी भोपळे कोरले नाहीत की मुखवटे चढवले नाहीत. ऑक्टोबर सरत आला की नात तीन सिनेमे निवडायची, सुट्टीच्या दुपारी पडदे ओढून घ्यायची आणि आजोबा आपल्या खुर्चीत ठाण मांडायचे. सिनेमे सगळे झॉम्बींचे. मेलेली माणसं उठतात, पाय फरफटत चालतात, जित्यांना चावत सुटतात, यापलीकडे कथानक म्हणून काही नाही. पण त्या दोघांना त्यात जे दिसायचं ते दुसऱ्या कुणाला दिसायचं नाही.

आजोबांचा उभा जन्म घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारण्यात गेलेला. देवाने आवाज असा दिला होता की शेडच्या या टोकाला कोबीचा भाव फुटला की त्या टोकाचा पेंगणारा हमाल ताडकन उठून बसायचा. पडद्यावर झॉम्बी आला की त्यांचा हात आपोआप वर जायचा.

"हा बघा माल. एक हात कमी आहे, पण दात शाबूत. बोला, काय देता?"

"दोन कोबी," नात म्हणायची.

"दोन कोबी? अगं, डोकं बघ त्याचं. आत काही नाही, हलकं आहे, वाहतुकीला सोपं."

"बरं, एक गाजर वर."

सगळ्यांत महाग जाणारा झॉम्बी ज्या सिनेमात असेल तो त्या वर्षीचा पहिला. लग्नाचा बँडवाला मरतो आणि उठून पुन्हा बेसूरच वाजवतो, तो एक सिनेमा त्यांचा लाडका. बर्फाच्या कारखान्यातून निघालेले मुडदे चालता चालता वितळतात, तो दुसरा. आणि मेलेले मुख्याध्यापक रिकाम्या वर्गात हजेरी घेत बसतात तो तर दरवर्षी ठरलेला. त्यांच्यावर एकदा टोमॅटोची आख्खी गाडी लागली होती.

"जिवंत बायको स्वयंपाकघरात मरतेय, तिच्याकडे बघायला वेळ नाही," आजी आतून म्हणायची, "आणि मेलेल्यांचं कौतुक चाललंय."

"तुझा भाव न परवडणारा आहे," आजोबा ओरडायचे. आजीचं भांडं जरा जोरात वाजायचं, पण ते रागाचं वाजणं नसे.

त्या भांड्याच्या वाजण्यातला फरक घरात एकालाच नीट कळायचा. तो म्हणजे त्यांचा मुलगा, नातीचा मामा. लहानपणापासून कानाचा तिखट, म्हणून बाबांनी, म्हणजे आजोबांनीच, त्याचं नाव ठेवलं कानसेन, आणि तेच चिकटलं. जिन्यात पाऊल वाजलं की कोण आलं आणि कुठल्या तऱ्हेने आलं, हे तो दार उघडण्याआधी सांगायचा. पुढे त्याच कानांवर पोट भरायला लागला. एका स्टुडिओत तो सिनेमांचे आवाज जुळवायचा. पावलं, दारं, वारा, श्वास. आणि गेली काही वर्षं झॉम्बी. लग्न केलं नव्हतं. "दिवसभर मुडद्यांशी गप्पा मारणाऱ्याला मुलगी कोण देणार?" हे आजीचं पालुपद. बहीण खालच्याच मजल्यावर राहायची, त्यामुळे भाची शाळेतून थेट वर यायची आणि झोपायलाच खाली जायची.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, पाय थोडा वाचला, वाचा पूर्ण गेली. समजायचं सगळं. बोलायला गेलं की घशातून एक फरफटता, जाड आवाज निघायचा, अडखळायचा आणि तिथेच मरायचा. एकदा बाजारातले जुने सोबती भेटायला आले. बाबांनी तोंड उघडलं आणि त्यातल्या एकाची मान नकळत खाली गेली. त्या दिवसापासून बाबा चारचौघांत ओठ मिटून बसू लागले. खुणा करायचे, डाव्या हाताने. आवाज म्हणून काढायचे नाहीत.

वाचा शिकवायला एक बाई यायच्या. त्यांनी घरच्यांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं. "हे पहिलं वर्ष सोन्याचं आहे. जे परत यायचं ते यातच येतं. रोज बोलायला लावा. लाजून गप्प बसले, तर गप्पच राहतील."

बाबा त्या बाईंसमोरही गप्प. पण एक गोष्ट कानसेनला कळली, ती त्याच्या कानांमुळे. सकाळी बाबा न्हाणीघरात शिरले की नळ पूर्ण सोडायचे आणि पाणी बादलीत धो धो पडत राहायचं. त्या पाण्याआड ते बोलायला बसायचे. बाजारातल्या मालाची नावं, एकेक करून. अर्धा शब्द यायचा, पुन्हा ओढायचे, पुन्हा. बाहेर येताना चेहरा कोरडा ठणठणीत, जसं काही घडलंच नाही. घरात हे आपल्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं त्याला वाटत होतं. त्याने कुणाला सांगितलं नाही. इथवर तो चांगलाच वागला.

मग स्टुडिओत एक नवा सिनेमा आला, झॉम्बींचाच. गोष्ट वेगळी होती. यातले मेलेले कुणाला चावत नाहीत. ते आपापल्या घरी परततात, दाराशी उभे राहतात, आणि आतले घाबरून दार उघडत नाहीत. कानसेनने नेहमीची तयारी केली. हाडं मोडल्याच्या आवाजासाठी कोबी पिळले, ओलं चामडं घासलं, आवाज देणाऱ्या कलाकारांना गुळण्या करायला लावून घोगरे हुंकार भरून घेतले. दिग्दर्शिका बाई ऐकून म्हणाल्या, "तुमचे झॉम्बी नाटक करताहेत. भूक नकोय मला. याला काहीतरी सांगायचंय आणि तोंड त्याचं ऐकत नाही, असं पाहिजे."

हे ऐकताना त्याला न्हाणीघरातलं ते बोलणं आठवलं. त्याने ते दाबलं. मग दाबलेलं पुन्हा उचलून बघितलं. माणूस वाईट काम एकदम करत नाही. आधी त्याला एक बारीकसं, साधं नाव देतो. त्याने नाव दिलं 'नमुना'. नुसता नमुना, कलाकारांना ऐकवण्यापुरता. लहान रेकॉर्डर त्याने न्हाणीघराच्या वरच्या कोनाड्यात, जुन्या डब्यामागे ठेवला.

स्टुडिओत बसून त्याने त्यातलं पाणी काढलं. हेच तर त्याचं कौशल्य होतं. वडिलांनी लाज झाकायला ओढलेला तो पडदा लेकाने धाग्याधाग्याने उसवला आणि मागे उरला तो उघडा आवाज. दिग्दर्शिका बाईंनी ऐकला आणि पुन्हा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "हाच. कोण आहे हा?"

"आहे एक कलाकार," तो म्हणाला. "नाव नको म्हणतो."

मग काय, रोज सकाळी रेकॉर्डर, रोज दुपारी काम. एका आवाजाचे त्याने अनेक केले. कुठे खाली ओढला, कुठे पसरला, एकावर एक थर चढवून त्याची फौज उभी केली. आणि हे करताना एक दिवस ती गोष्ट झाली. पाणी उपसलं, आणि मागून शब्द आला. "बटाटा." आख्खा, गोल, बाजारात वाजायचा तसा. कानसेनचे हात थांबले. डोळ्यांत पाणी आलं. बाबा बोलले होते. पण झॉम्बी काही बटाटा म्हणत नाही. त्याने तो तुकडा कापला आणि बाजूला टाकला. पुढे आणखी निघाले. "काकडी" निघाली, "मुळा" निघाला. तेही कापले. नीट आलेलं सगळं टाकाऊ, मोडलेलं तेवढं कामाचं. घरी ही बातमी सांगावी तर कुठून कळली हे सांगावं लागणार. तो गप्प राहिला. त्या वाचा शिकवणाऱ्या बाई दर खेपेला मान हलवून जात होत्या, "प्रगती नाही हो," आणि हा दार लावून घ्यायला उठायचा.

सिनेमा लागला, गाजला, आणि हॅलोविन आला. भाचीने या वेळी तिन्ही सिनेमांची निवड सांगितलीच नाही. पडदे ओढले, टीव्ही लावला आणि म्हणाली, "पहिला मामाचा."

"तो नको," कानसेन म्हणाला. "रटाळ आहे. बँडवाल्याचा लाव."

"लाजतोयस काय? शेवटी नाव येतं तुझं मोठ्ठं. माझ्या वर्गातले म्हणतात, असले झॉम्बी कुणी ऐकलेच नाहीत."

"अगं, आजोबांना तो आवडणार नाही."

"आजोबांनीच लावायला सांगितलाय. विचार."

बाबांनी डावा हात वर केला, अंगठा उभा. सकाळीच दाढी करवून घेतली होती. अंगात ठेवणीतला सदरा होता, आजीकडून गुंड्या लावून घेतलेला. लेकाचा सिनेमा बघायला बसले होते ते. कानसेनला उठता येईना. मनाची समजूत घातली त्याने: आवाज इतका खाली ओढलाय, इतके थर आहेत, ओळखणार कोण?

बाबांनी स्वतःहून ओळखला की नाही, हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कारण त्यांच्याआधी दुसऱ्याच कुणीतरी ओळखला.

पडद्यावर संध्याकाळ होती. एका बंद दाराशी पहिला मेलेला येऊन उभा राहिला, तोंड उघडलं, आणि तो आवाज खोलीभर पसरला. स्वयंपाकघरात काहीतरी खाली पडलं. आजी ओल्या हातांनी धावत आली. टीव्हीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. सरळ खुर्चीपाशी जाऊन गुडघ्यांवर बसली आणि बाबांचा हात धरला.

"काय हो? काय झालं? काय हवंय तुम्हाला?"

बाबा ओठ मिटून बसले होते.

तोच आवाज पुन्हा आला, आजीच्या पाठीमागून. तिने मान वळवली.

"आजी, अगं टीव्हीतला आहे तो," भाची हसत म्हणाली. "तुला वाटलं आजोबा..." आणि तिचं हसू अर्ध्यावर राहिलं. ती आजीकडे बघायला लागली, मग आजोबांकडे, मग पडद्याकडे. आता एकेका दाराशी एकेक मेलेला येत होता आणि सगळे मिळून बाबांच्या आवाजात काहीतरी सांगायला धडपडत होते.

"हे कुठून आलं?" आजीने विचारलं. ओरडली नाही. पडलेलं भांडं कुठलं, असं विचारावं तशी.

देवाने डोळ्यांना पापणी दिली, कानांना मात्र दार ठेवलं नाही. कानसेनला त्या दुपारी ते दार कुठल्याही किमतीला हवं होतं. भाचीने रिमोट उचलला. बाबांनी हात आडवा केला. चालू दे. सिनेमा त्यांनी शेवटपर्यंत पाहिला. बोली लागली नाही, हात पुन्हा वर गेला नाही. शेवटी नाव आलं. भाचीने ते वाचून दाखवलं नाही. बाबा मात्र ते पडद्यावरून सरकून जाईपर्यंत बघत राहिले.

दुसऱ्या सकाळी बाबा न्हाणीघरात गेले आणि नळ न सोडता अंग पुसून लगेच बाहेर आले. तिसऱ्या दिवशी तेच. वाचा शिकवणाऱ्या बाई आल्या, तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "आधी निदान डोळ्यांत जिद्द दिसायची. आता तीही नाही. काही झालंय का घरात?"

"नाही," कानसेन म्हणाला.

आजी मागेच उभी होती. बाई खाली उतरल्यावर तिने त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

"मी रोज त्या दाराबाहेर उभी राहायचे," ती म्हणाली. "हातात झाडू घेऊन. चपला काढून, पाऊल वाजू नये म्हणून. आत पाण्यात काय बोलतात ते मला कधी समजलं नाही. पण आहेत ना, धडपडतायत ना, एवढं कळायचं. त्यांना कळू दिलं नाही मी कधी. नवऱ्याची लाज बायकोने राखली. आणि तू दाराच्या आत जाऊन बसलास."

"मी काढून टाकतो ते, आई."

"कुठून काढतोस? लोकांच्या कानांतून?"

त्याने तरी दिग्दर्शिका बाईंना फोन केला. सिनेमा कुठल्या कुठे पोचला होता, आता बदलणं शक्य नव्हतं. त्यांनी विचारलं, का बदलायचं? त्याने सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणाला होतात, एक कलाकार आहे," आणि फोन ठेवला.

माफी मागायला तो दोनदा बाबांच्या खोलीत गेला. एकदा उशी नीट करून आला, एकदा पंखा बारीक करून. दाराशी भाची वाट अडवून उभी.

"झालं सांगून?"

"सांगतोय."

"पंख्याला सांगतोयस? मामा, सगळं सांग. खाली लपवलेला सडका माल आजोबांना लगेच कळतो."

सगळं म्हणजे किती, हे त्या पोरीला ठाऊक नव्हतं. तो मागे फिरला. बाबा खिडकीपाशी बसले होते, उन्हात. तो समोर जमिनीवर बसला, नजर त्यांच्या पायांवर ठेवून. आई तिथेच कपड्यांच्या घड्या करत होती. तिला बाहेर जायला सांगावं असं त्याला फार वाटलं, पण सांगितलं नाही. भाची चौकटीला टेकली.

"बाबा, मी रेकॉर्डर ठेवला होता," तो म्हणाला. "डब्यामागे. एक दिवस नाही, रोज. पाणी मी काढलं त्यातलं. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही."

बाबा खिडकीबाहेर बघत होते.

"आणखी आहे. तुम्हाला शब्द आले होते. मोडके नाही, चांगले. बटाटा आला होता. काकडी, मुळा. अगदी तुमच्यासारखे. पाण्याच्या आवाजात तुम्हाला कळले नसतील, मला ऐकू आले होते."

बाबांची मान वळली.

"मी ते कापले. झॉम्बीला नको होते ना, म्हणून. आणि घरात बोललो नाही, कारण चोरी उघडी पडली असती. बाई म्हणायच्या प्रगती नाही, तेव्हा मला माहीत होतं. तुम्हाला वाटत होतं आपल्याला काही येतच नाही, आणि मला माहीत होतं, येतंय."

आईच्या हातातली घडी तशीच राहिली. भाची कधी आत आली कळलं नाही.

बाबांचा चेहरा लाल झाला. मानेच्या शिरा तटतटल्या. डावा हात खुर्चीच्या हातावर आपटला, एकदा, पुन्हा. तोंड उघडलं आणि तोच फरफटता, जाड आवाज निघाला, सगळ्यांच्या देखत, भर उन्हात, आडोसा नसलेला. तो अडखळला. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा ओढला. कानसेनला कान झाकावेसे वाटले. मग बाबांनी बोट त्याच्या छातीवर रोखलं आणि म्हणाले,

"जा."

आई घडी टाकून खुर्चीपाशी आली.

"काय म्हणालात?" आईचा आवाज फुटत होता.

"जा," बाबा म्हणाले. शब्द कोरा करकरीत होता. आपल्याच तोंडातून आलेला तो ऐकून त्यांचे डोळे क्षणभर विस्फारले, पण बोट खाली आलं नाही.

"आजोबा, परत म्हणा," भाची रडत रडत हसत होती. "आणखी एकदा."

"जा."

आई त्यांच्या गुडघ्याला मिठी मारून बसली होती. देवाचं नाव घेत होती, मध्येच नवऱ्याला रागवत होती, मध्येच म्हणत होती, "म्हणा हो, म्हणा, हवं तितकं म्हणा त्याला." आनंद त्या खोलीत मावत नव्हता आणि त्यात त्याला बसायला जागा नव्हती. जागा असावी असंही त्याला वाटलं नाही. तो उठला. बाबांकडे एकदा पाहिलं. त्या डोळ्यांत राग होता, चांगला धडधाकट, जिवंत राग. तो बाहेर आला आणि दार हलकेच ओढून घेतलं.

जिन्यात आल्यावर कळलं की चपला राहिल्या. परत जायचा धीर झाला नाही. आतून तिघांचे आवाज येत होते. भाची काहीतरी विचारत होती, बाबा ओढून ओढून उत्तर देत होते. त्याच्या कानाला आणखी एक शब्द लागू लागला, पहिलं अक्षर आलंसुद्धा. तो झटकन दारापासून दूर झाला आणि खाली उतरला, ऐकू येणार नाही इतका.

खालून बहीण येत होती, कामावरून, हातात पिशवी.

"असा काय उभा आहेस, अनवाणी?"

"बाबा बोलले."

पिशवी तिच्या हातातून सुटून पायरीवर टेकली. "खरं सांग."

"खरंच. स्पष्ट बोलले."

"काय म्हणाले?"

"मला 'जा' म्हणाले."

तिने त्याच्याकडे पाहिलं. ओठांवर आलेलं हसू तिने तिथेच धरून ठेवलं. कारण सिनेमातल्या आवाजाचं तिला लेकीकडून कळलेलं होतं. "मग तू ये वर थोड्या वेळाने," ती म्हणाली.

"बोलावलं तर येईन."

ती पिशवी तिथेच टाकून पायऱ्या गाळत वर धावली. दार उघडल्याचा आवाज आला, आणि त्याबरोबर आतलं सगळं एकदम जिन्यात सांडायला लागलं. त्याने बहिणीची पिशवी उचलून घेतली आणि तो आणखी एक मजला खाली उतरला.